डावीकडची तांबडी वायर

दुपारचा डोळा लागत नाही आणि धड जागंही राहवत नाही. दिवाणावर आडवी झालेय, पण विमान शेजारच्या टेबलावर आहे आणि मन त्याच्यात. दोन मोटरींचं हे रिमोटवरचं विमान आमच्या ह्यांनी, विद्याधर मगदुमांनी, घरीच कापून-चिकटवून केलं. डावी मोटर त्यांची, उजवी माझी, अशी वाटणीही करून ठेवली. वायरी तेवढ्या जोडायच्या राहिल्या आणि हे गेले.

संध्याकाळी माळावर त्यांचे मित्र नेर्लेकर ते उडवणार आहेत. वायरिंगही करून देतो म्हणत होते, मी नको म्हटलं. इतकी वर्षं ह्यांच्या हाताशी पक्कड धरून बसले, तेवढं मला येतं. जोडलं, बॅटरी लावली, सगळं चाललंही. पण मोटरीला वीज मोजून देणारी ती डबी, स्पीड कंट्रोलर, मोटरी बंद असतानाच तापतेय. तीही दोन्ही मोटरींची. काय चुकलं ते कळत नाही. वर गेल्यावर बंद पडलं तर ह्यांच्या हातचं शेवटचं विमान माझ्यामुळे मातीत जाईल. कूस बदलते.

कूस बदलते तर टेबलाशी हे बसलेत. बनियनवर, चष्मा कपाळावर.

"मोटरींचे पंखे काढलेस का आधी?"

कशी आहेस, जेवलीस का, काही नाही. गेलेला माणूस इतक्या महिन्यांनी येतो आणि हे विचारतो. मला रागच येतो. काढलेत म्हणते.

ते उठून स्वयंपाकघरात जातात, मी विमान उचलून मागोमाग. आत सांगलीचा बसस्टँड आहे. लोक विमानाला धक्के देतायत. चौकशीच्या खिडकीत ह्यांच्या शेवटच्या दिवसांतली दवाखान्यातली नर्स बसलीय, ती मान हलवते. हे भराभर पुढे चाललेत. थांबा की जरा, म्हणते मी, पण ऐकतात कुठले. जन्मभर असंच, हे पुढे आणि मी पिशवी घेऊन मागे.

फलाट संपतो तिथे माळ. गवतात आमचंच टेबल. ते डबीवर बोट टेकवतात.

"रिमोटचा हुकूम घेणारा रिसीव्हर एकच, आणि दोन्ही डब्या त्याला वीज देताहेत. एकमेकींवर कुरघोडी चाललीय. आपण दोघं भाजीत मीठ घालायचो, तसं."

मला हसू येतं आणि लगेच धास्ती वाटते, कारण माळाच्या कडेला एसटी येऊन थांबलीय आणि हे सारखे तिकडे बघतायत.

"मग काय करू?"

"एका डबीची तांबडी वायर रिसीव्हरच्या प्लगातून काढायची."

"कुठली?"

ते चष्मा डोळ्यांवर घेतात.

"माझी काढ."

नाही काढणार, म्हणते मी. रडूच फुटतं. तुमची कशी कापू मी, तुम्हीच सांगा.

"कापायची नाही कधी. पिन दे."

हात पुढे करतात, नेहमीसारखा, वर न बघता. माझ्या बांगडीतली सेफ्टी पिन त्यांचंच हत्यार. ते गेल्यावरही मी ती काढलेली नाही. पिनेच्या टोकानं प्लगाची पट्टी उचलतात, मधली तांबडी अलगद ओढतात आणि मागे दुमडतात.

"तार आहे तिथंच. नुसती वीज देत नाही."

"उडेल ना हो?"

"उडेल. तुझ्या एकटीच्या विजेवर."

एसटीची घंटा वाजते. मी त्यांचा हात धरायला जाते, घंटा वाजतच राहते.

दाराची बेल आहे. मी दिवाणावर नाही, टेबलाशी खुर्चीत बसलेय. बांगडी रिकामी. पिन डाव्या प्लगात अडकलीय, आणि तिथली तांबडी वायर निघून मागे दुमडलेली आहे. मग उठून दार उघडते.

नेर्लेकर आत येतात. बॅटरी लावून दोन्ही डब्यांना हात लावतात, गार आहेत म्हणतात. मग त्यांचं लक्ष डावीकडे जातं.

"हे लोंबतंय ते कापून टाकू का, वहिनी?"

"नको," मी म्हणते. "राहू दे तिथंच."