बाई म्हटल्यावर

माझ्या मुलीला कॉलेजात हंगामी नोकरी लागली तेव्हा आम्ही सुरतेत नवागामला राहत होतो. जुन्या प्राध्यापकांना नको असलेलं एक काम तिच्याकडे आलं. नव्याने आलेल्या मुलामुलींना सुरुवातीचे काही आठवडे कॉलेज म्हणजे काय ते शिकवायचं. तास कुठे होतो, हजेरी कशी लागते, लायब्ररीतून पुस्तक कसं मागायचं, समजलं नाही तर कसं विचारायचं. त्याला ओरिएंटेशन म्हणतात. मला तो शब्द म्हणता यायचा नाही. मी 'ओळखीचा तास' म्हणायचे.

संध्याकाळी ती तो तास आधी माझ्यावर करून बघायची. मी मजुरीवर आणलेल्या साड्यांचे लोंबते धागे कापत बसलेली आणि ती भिंतीला टेकून गुजरातीत बोलतेय, कारण कॉलेजात शिकवणं गुजरातीत होतं. मध्येच थांबून म्हणायची, "माय, आता हात वर कर. काहीतरी विचार."

"काय इचारू?"

"जे समजलं नाही ते."

"माले तर काहीच समजनं नही."

ती हसायची, पण मला खरंच विचारता यायचं नाही. चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की मी खाली मान घालून हातातलं काम करत राहते. पोटची मुलगी शिकवायला उभी राहिली तरी तसंच व्हायचं. घरी आम्ही अहिराणी बोलतो. लिहिताना मात्र मला चौथीपर्यंतच्या शाळेतली मराठीच सुचते, म्हणून इथे तीच लिहिते आहे.

एके दिवशी ती आली आणि भिंतीपाशी उभी न राहता खालीच बसली. तिच्या वर्गात बमरोलीची एक मुलगी होती, मराठी शाळेत शिकलेली. इतके दिवस ती एक शब्द बोलली नव्हती. माझी मुलगी रोज सांगायची, विचारा, घाबरू नका. शेवटी चार दिवसांपूर्वी ती उठली आणि म्हणाली, "बाई..."

पुढचा प्रश्न राहूनच गेला. मागून एक मुलगा ओरडला, "बाई, वासण थई गयां?" म्हणजे, बाई, भांडी झाली का? सगळा वर्ग हसला. आपल्या शाळेत शिकवणारी ती बाई. गुजराती शाळेत तिला बेन म्हणतात, आणि बाई म्हणजे भांडी घासायला येणारी.

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"अहीं बाई नहीं कहेवानुं, मॅडम कहेवानुं." इथे बाई नाही, मॅडम म्हणायचं, असं सांगितल्याचं ती जमिनीकडे बघत म्हणाली. "त्या पोराला काहीच बोलले नाही, माय. तिलाच बोलले."

त्या दिवसापासून ती मुलगी आली नव्हती. तिच्या मैत्रिणीने सांगितलं, बाप म्हणतो की लाज वाटते तर घरी बस, तसंही स्थळं बघायचीच आहेत.

मी धागे कापत राहिले. मग तिला कधीच सांगितली नव्हती ती गोष्ट सांगितली. आमच्या गावच्या शाळेत गुरुजीच होते. मी चौथीत गेले तेव्हा पहिल्यांदा एक बाई आल्या. छत्री घेऊन एसटीतून उतरायच्या, आणि पारावरची म्हातारी माणसं बोलायची थांबायची. बाई हा शब्द म्हणजे मला त्याच. लग्न होऊन सुरतेला आले आणि एका घरी भांड्यांचं काम धरलं. पहिल्याच दिवशी आतून शेठाणीची हाक आली, "बाई! ओ बाई, आ तपेली रही गई!" मी हात पुसले, डोक्यावर पदर घेतला आणि वाट सोडून भिंतीला लागून उभी राहिले. वाटलं, यांच्या मुलांना शिकवायला कोणी बाई आल्या. शेठाणी दारात आली. म्हणाली, कोणाला शोधतेस? मी म्हटलं, बाई आल्या ना? तिने माझ्याकडे बोट केलं. "तू! बाई तो तू छे!"

मुलगी इतकी हसली की तिला ठसका लागला. मग हसणं आपोआप थांबलं. डोळे पुसत म्हणाली, "माय, रविवारी माझ्यासोबत बमरोलीला चल."

"मी कसाले? माझं काय काम?"

"तू नुसती बस. मी बोलेन."

रिक्षा बदलून आम्ही गेलो. एकच खोली होती, मध्ये पडदा. आम्हाला बघताच ती मुलगी पडद्याआड गेली. तिच्या आईने खुर्ची पुढे केली, "या बाई, बसा." आणि लगेच जीभ चावली. "मॅडम, मॅडम."

बाप लूमवरून, कापड विणायच्या कारखान्यातून आलेला, अंगावर धाग्याचा भुगा तसाच. तो म्हणाला, "तिनं काय गुन्हा केला ते सांगा. शाळेत जन्मभर बाईच म्हणत आली ती."

माझी मुलगी वाटेत काय काय ठरवून आली होती. पण भरल्या वर्गापुढे बोलणारी ती, तिथे खुर्चीच्या कडेला सरकली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी तर नुसती बसायला आले होते. पण दिसत होतं की आता कोणी काही बोललं नाही तर आम्ही चहा पिऊन उठू आणि ती मुलगी पडद्याआडच राहील. मी कोणाकडे न बघता, फरशीलाच सांगावी तशी तपेलीची गोष्ट सांगितली.

"मायवं!" मुलीची आई तोंडाला पदर लावून म्हणाली. "मग?"

"मग काय, घासली तपेली."

पडद्यामागे कोणीतरी फिसकन हसलं. मग ती बाहेर आली. लहान चणीची, दोन वेण्या. माझ्या मुलीला म्हणाली, "मग मी काय म्हणू?"

"वर्गात मॅडम म्हण. पण तोंडातून बाई आलं तरी मी ओ देईन."

"आणि परत हसले तर?" बापाने विचारलं.

"हसतील," माझी मुलगी म्हणाली. "त्यांना गप्प करणं माझं काम होतं. त्या दिवशी मी ते केलं नाही."

तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. "उद्याचं उद्या बघू," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती आली. शेवटच्या बाकावर बसली आणि बरेच दिवस तशीच गप्प राहिली. माझी मुलगी रोज घरी येऊन मान हलवायची आणि मी समजायचे. मग एके दिवशी ती पायऱ्यांवरूनच ओरडली, "माय, उठली ती!"

"मॅडम म्हणाली का बाई?"

"काहीच नाही म्हणाली. नुसती उभी राहिली. मी म्हटलं, बोल, आणि बोलली. लायब्ररीतलं पुस्तक घरी नेलं आणि लहान भावानं फाडलं, तर परत पुस्तक देतात की बंदच करतात?"

"हसले का?"

"कोणी नाही. निम्म्या वर्गाला तेच विचारायचं होतं."

"मग तू काय सांगितलंस?"

"मलाच माहीत नव्हतं. मी तरी कधी पुस्तक घरी आणलं? फाटेल म्हणून तिथेच बसून वाचायचे." ती चपला काढत होती. "मग सगळ्यांना घेऊन लायब्ररीच्या खिडकीपाशी गेले आणि तिला पुढे केलं. म्हटलं, तूच विचार. विचारलं तिनं."

खिडकीतल्या माणसाने वर न बघताच उत्तर दिलं म्हणे, "चोंटाडीने लई आवजो." चिकटवून आणा.