चिंचोक्याची खळ आणि चार सवाल

घर सजवायला पैसा लागतो, असं म्हणणाऱ्या माणसाशी मी कधीही आणि कुठंही भांडायला तयार आहे. साताऱ्यात शिकायला राहिले तेव्हा मी पुष्कळ बैठकीच्या खोल्या पाहिल्या. काचेचं कपाट, आत प्लॅस्टिकची फुलं आणि कपाटाला कुलूप. कुलपातली शोभा कुणाच्या कामाची? माझ्या आईनं आमच्या पुढच्या खोलीला जी शोभा आणली तिला कुणीही हात लावावा. फाटली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करता यायची. आणि तिच्यातलं बहुतेक सगळं सामान लोकांनी टाकून दिलेलं होतं. ते काम मी आईबरोबर केलं. त्यात एक चूक मी केली, तीही जाड अक्षरांत.

आमचं गाव कराडहून उंब्रजकडे जाताना हमरस्त्यापासून थोडं आत. वडील कराडच्या एका छोट्या छापखान्यात ट्रेडल मशीन चालवायचे. संध्याकाळी एसटीतून उतरताना त्यांच्या बगलेत खराब कागदांचा गठ्ठा असायचा. शाई फिसकटलेली, तिरकी छापलेली, जादा निघालेली पत्रकं. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी शाळेचा अभ्यास केला आणि छापील बाजूवर वाचायला शिकले. बाकीच्या मुली 'कमळ' आणि 'गवत' वाचत होत्या तेव्हा मी 'जाहीर निषेध' वाचत होते. कोण कुणाचा निषेध करतोय याच्याशी वडिलांना कर्तव्य नव्हतं, ते सगळ्यांचंच छापायचे. मला मात्र होतं. खरं असेल ते छापावं आणि छापलेलं झाकू नये, एवढंच माझं तत्त्वज्ञान होतं. ते आजही फारसं बदललेलं नाही.

मी मॅट्रिकची परीक्षा दिली त्या उन्हाळ्यात गावात बालवाडी निघणार अशी बातमी आली. शिकवणारी बाई गावातलीच हवी, निदान सातवी पास हवी आणि जागा तिनंच द्यायची. आई सातवी पास होती. लग्न होऊन आल्यापासून तिच्या त्या सातवीला गावात कुणी विचारलं नव्हतं. पण वरच्या आळीतल्या एका बाईंचंही नाव पुढं होतं आणि त्यांची खोली सिमेंटची होती. पंचायत समितीच्या मुख्यसेविका येऊन दोन्ही जागा बघणार, मग त्यांच्या शेऱ्यावर सरपंच सही करणार, असं ठरलं.

"त्यांची शिमिटाची, आपली मातीची," आई म्हणाली. "पर बाईंनी आत पाऊल टाकलं की हितंच बसावंसं वाटलं पायजे."

"आणि पैशे?"

"पैशे कशाला? हात हायत की चार."

आधी भिंती. पोपडे खरवडून काढले, शेणमातीनं लिंपून घेतलं, दोन दिवस कडक वाळू दिलं. वाळल्यावर माती हाताला लागते, मुलांचे कपडे भरतात, म्हणून वरून कागद लावायचा बेत. कागद घरात ढिगानं होता. मी म्हटलं, गव्हाच्या पिठाची खळ करू, गावात पोस्टरं तिनंच चिकटवतात. आईनं माझ्याकडं अशी नजर टाकली की मी अर्ध्यातच थांबले.

"रेशनच्या रांगेत उभं राहून आणल्यालं पीठ भितीला चारायचं व्हय गं?"

तिचं माहेर माण तालुक्यातलं. तिथं शेजारी घोंगड्या विणणारे राहायचे आणि ते लोकरीच्या सुताला चिंचोक्याची खळ लावायचे. तीच खळ तिनं केली. ज्यांना करून बघायची आहे त्यांच्यासाठी सांगते. चिंचोके भाजायचे, चोळून टरफलं काढायची, आदल्या दिवशी भिजत घालायचे, पाट्यावर गंधासारखे वाटायचे आणि भरपूर पाण्यात मंद जाळावर शिजवायचे. हात थांबला की गाठ झालीच म्हणून समजा. छापखान्यात पुठ्ठे चिकटवताना कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद टाकतात, ते विषारी असतं. वडील पुडीत बांधून थोडं घेऊन आले. आईनं पुडी परत त्यांच्या खिशात घातली. "बारकी पोरं भिती चाटत्यात," ती म्हणाली आणि तिनं कडुलिंबाचा पाला उकळून त्याचं पाणी खळीत ओतलं. खोली अजून मिळाली नव्हती, पण ती चाटणाऱ्या पोरांचा विचार आईनं आधीच करून ठेवला होता.

"छापील बाजू आत, कोरी भाईर," असं मला बजावून ती सुतळीची पोती धुवायला नदीवर गेली. तीन भिंती मी तिच्या सांगण्याप्रमाणं केल्या. चौथी दारासमोरची. माणूस आत आला की पहिली नजर तिथंच जाणार. त्या भिंतीवर मी छापील बाजू बाहेर ठेवली. अक्षरांनी भरलेली भिंत मला जगातली सगळ्यात देखणी भिंत वाटत होती. आणि मधोमध लावलं 'सरपंचांना चार सवाल'.

हे पत्रक ग्रामपंचायतीच्या निवडणुकीच्या वेळी गावातल्या तरुण पोरांनी काढलं होतं. मजकूर माझा होता, खाली नाव मात्र कुणाचंच नव्हतं. शाळेचं छप्पर कधी दुरुस्त होणार, ग्रामसभा का भरत नाही, रस्त्यावरचे दिवे कुठं गेले आणि आमच्या खालच्या आळीला नळ कधी मिळणार, असे चार सवाल. मथळा छापखान्यातल्या सगळ्यात जाड लाकडी खिळ्यांत, म्हणजे अक्षरांच्या ठशांत, होता.

आई ओली पोती डोक्यावर घेऊन दारात आली आणि तिथंच थांबली. पोती न उतरवता तिनं चारही सवाल वाचले.

"लिवलंय ब्येस," ती म्हणाली. "पर हितं कुणासाठी लावलंस?"

"सगळ्यांसाठी."

"हितं बसणार कोण? तीन वर्साची पोरं. त्यास्नी वाचाय येतंय?"

"सरपंचांना येतंय की."

"म्हंजे त्येच्यासाठी लावलंयस. मग त्येच्या दारात जाऊन लावायचं हुतं. माझ्या घरात कशाला?"

 

कागद काढायला गेले तर निघेना. लोकरीला ताठ करणारी खळ ती. नखानं ओढला की कागदाबरोबर लिंपणाचा ढलपा हातात येत होता. मग चुना मारला. ओला होता तोवर बरा वाटला, पण वाळल्यावर मथळा आतून करडा होऊन वर आला. दुसरा हात मारला. बारीक अक्षरं बुजली, मथळा मात्र जागच्या जागी. वडिलांनी घरी आल्यावर भिंतीवरून बोट फिरवलं आणि त्यांच्या तोंडावर चक्क अभिमान दिसला.

"तेलाची शाई हाय आमची. चुन्याला दाद देत न्हाई."

"तुमी तर गप बसा," आई म्हणाली.

आता एकच मार्ग होता. त्या जागेवर काहीतरी टांगायचं. मी साफ नाही म्हटलं. खरं आहे ते झाकायचं नाही, मी झाकणार नाही आणि झाकू देणार नाही. बराच वेळ बोलले. छापील भाषणं पाठ असल्याचा फायदा असतो, वाक्यं संपत नाहीत. आई पोत्याची शिवण उसवत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "बालवाडी मिळाली तर हितं पोरं बसतील. न्हाई मिळाली तर तुझा कागद बसंल. कोण बसवायचं सांग, मी त्येच करते."

ती चेष्टा करत नव्हती. मी 'कागद' म्हटलं असतं तर तिनं सुई खाली ठेवली असती. मी सुईत दोरा ओवला.

त्या पोत्यावर आम्ही झाड केलं. पोतं धुऊन, ताणून वाळवलं आणि कडा दुमडून घेतल्या. जुन्या लुगड्याच्या हिरव्या काठाची पानं, वडिलांच्या विटलेल्या खाकी सदऱ्याचं खोड, लाल चिंधीची पाखरं. पानं फक्त देठाशी शिवली, म्हणजे मुलांना ती हलवता येतील. रागानं शिवत होते म्हणून की काय, टाके फार बारीक आणि घट्ट पडले. बाकीच्या भिंतींसाठी फुटक्या बांगड्या दिव्याच्या ज्योतीवर वाकवून एकमेकींत अडकवल्या आणि दारावर उंच तोरण केलं. ज्वारीची ताटं सोलून आतल्या मऊ भेंडाच्या बैलगाड्या केल्या. उरलेली पत्रकं मेथ्यांबरोबर भिजवून कुटली, त्या लगद्याचा लेप घमेल्याच्या पाठीवर देऊन खेळणी ठेवायला पाटी केली. विकत आणलं ते फक्त चुना आणि दोऱ्याची दोन रिळं. त्या खोलीपुढं मला आजही साताऱ्यातलं एकही काचेचं कपाट उभं राहताना दिसत नाही.

मुख्यसेविका बाई सकाळी आल्या. वरच्या आळीतली खोली बघून आल्या होत्या. बरोबर सरपंच. बाई सांगलीकडच्या, बोलायला मोजक्या. त्यांनी चपला काढल्या आणि खुर्ची मांडलेली असताना सरळ सारवलेल्या जमिनीवर बसल्या. एक बैलगाडी ओढून बघितली. आईनं माझ्याकडं बघितलं नाही, पण तिचा श्वास सुटल्याचं मला ऐकू आलं.

मग बाई उठल्या आणि झाडाजवळ गेल्या. पानं हलवून बघितली. ज्यांना शिवणकाम येतं त्या बायका कापड नुसतं समोरून बघत नाहीत, हे आमच्या दोघींच्या लक्षात यायला हवं होतं. त्यांनी मागचे टाके बघायला पोत्याचं खालचं टोक धरलं आणि वर उचललं.

"सरपंचांना चार सवाल," त्यांनी मोठ्यानं वाचलं.

सरपंच पुढं झाले. अंगानं मोठा, हसरा माणूस. "आवं बाई, इलेक्शनातला कागद त्यो. पोरांचा खेळ. आन् वरनं चुना लावलाय बघा मला!"

"खेळ न्हाई," मी म्हटलं. "मी लिवलंय ते."

"तू?"

"व्हय. मी."

बाईंनी चुन्यातून डोळे बारीक करून बघितलं. "सवाल काही दिसत नाहीत. कोणते होते?"

मी चारही सांगितले, एका दमात. चौथा सांगताना माझा आवाज सगळ्यात चढला होता. खालच्या आळीला नळ कधी? बाई वळल्या, पण सरपंचांकडं नाही, आईकडं.

"म्हणजे इथं नळ नाही?"

तेव्हा मला कळलं मी काय केलं ते. वरच्या आळीतल्या खोलीच्या दारात नळ होता.

"मुलांना प्यायला, हातपाय धुवायला पाणी लागतं," बाई म्हणाल्या. "तुमची खोली मला जास्त आवडली. पण पाण्याशिवाय मी कसं लिहू?"

  मी भिंतीला टेकून उभी होते आणि मला वाटलं, आई आता माझ्यावर ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आवं बाई, पानी भरून ठिवू की," ती म्हणाली. "रांजण हाय. रोज पोरं यायच्या आत भरल्याला आसंल."

"विहीर किती लांब?"

"ओढ्याच्या पल्याड."

"रोज कोण आणणार? तुम्ही मुलं सांभाळणार की पाणी भरणार?"

"जिनं सवाल लिवलाय ती भरंल," आई म्हणाली. मला न विचारता, माझ्याकडं न बघता.

सरपंच खो खो हसले. "ह्ये मातूर ब्येस झालं! लिहा बाई, लिहा. ही रोज हिरीवर दिसणार आसंल तर मी आत्ता सही करतो."

"चौथा सवाल तरी ऱ्हातोयच," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ दे की," ते म्हणाले. "तवर तू हायस."

बाईंनी लिहिलं. अटीसह मंजूर. त्यांनी अट वाचून दाखवली तेव्हा आईनं मान हलवली आणि मीही हलवली. सरपंचांनी उभ्या उभ्याच, माझ्या भिंतीवर कागद टेकवून सही केली.

मी त्यानंतर पत्रकं लिहायची थांबले नाही. फक्त खाली नाव घालायला लागले. आणि काही मागायचं असलं की ते मिळेपर्यंत ते काम कोण करणार, याचा विचार आधी करायला लागले. नळ आला तेव्हा एक अख्खं वर्ष उलटून गेलं होतं. त्यासाठी मला आणखी तीन पत्रकं लिहावी लागली.

बालवाडी जूनमध्ये सुरू झाली. पहिल्या दिवशी मुलं आत शिरली ती थेट झाडाकडं धावली आणि दहा मिनिटांत दोन पानं तोडून झाली. आईनं ती पदरात ठेवून घेतली. मी दोन खेपा करून आले होते, खांदा भरून आला होता, रांजण गळ्यापर्यंत भरला होता. घागर उपडी घालून मी उंबऱ्यावर बसणार, एवढ्यात आईनं वाकून रांजणात बघितलं.

"प्यायचं झालं," ती म्हणाली. "हात धुवायचं ऱ्हायलं."

मी घागर उचलली आणि ओढ्याकडं निघाले.