किल्लेदाराचा होकार

गुरुवारी कंपनीला सुट्टी. त्या दुपारी रहाटणीतल्या आपल्या खोलीवर प्रज्वल पहिल्यांदाच गेम मास्टर होऊन बसला होता. मूळचा उदगीरचा, चाकणला कंत्राटी कामगार. खेळ म्हणजे फासे आणि बोलणं. बाकीच्यांनी गोष्टीतलं एकेक पात्र व्हायचं आणि उरलेल्या सगळ्यांच्या तोंडचं एकट्या गेम मास्टरनं बोलायचं. मोबाइलवर बघून बघून तो हे शिकला होता.

गोष्ट त्यानं मोठ्या हौसेनं रचली होती. एक किल्लेदार, चाकरांना वर्ष भरायच्या आत काढून टाकणारा, कुणी कायम होऊ नये म्हणून. हे कुठून सुचलं ते सांगायला नको. ब्रेक या गोंडस नावाखाली प्रज्वललाही दोनदा असंच घरी बसवलं होतं. तिसरा ब्रेक उद्यापासून, आणि या वेळी परत बोलावतीलच याचा भरवसा नव्हता. निदान आज त्या किल्लेदाराला तटावरून खाली पडताना बघावं, एवढीच त्याची इच्छा होती. लढाईची जय्यत तयारी केली होती बिचाऱ्यानं.

पण खेळायला आलेला नागसेन गोष्टीत पडला जादूगार, त्यात डोक्यानं तिरपागडा. तलवारी निघायच्या आधीच त्यानं किल्लेदारावर मोहिनी टाकली. फाशानंही त्यालाच साथ दिली. किल्लेदार आता त्याचा जिवलग मित्र, आणि सगळी तयारी पाण्यात. प्रज्वल कसनुसा हसला.

"मित्रा," नागसेन किल्लेदाराला म्हणाला, "आम्हा सगळ्यांना कायम करून टाक."

नागसेन आणि वर्षाली, दोघंही प्रज्वलच्याच लाइनवरची, कंत्राटीच. दोघं त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. नुसतं हो म्हणायचं होतं. गोष्ट त्याची, किल्ला त्याचा, अडवणारं कुणी नव्हतं. त्यानं तोंड उघडलं आणि आवाज निघाला तो ऑफिसातल्या साहेबाचा.

"तुमचं काम चांगलंय. पण माझ्या हातात काही नाही. वरून काय येतंय बघू, कळवतो."

कुणीच हसलं नाही.

"अरे, जादू लागलीय ना त्याला," वर्षाली हळूच म्हणाली. "खेळच तर आहे. म्हण की हो."

प्रज्वलला मनापासून हो म्हणायचं होतं. पण माणसाला कायम करताना साहेब काय बोलतात, बसायला सांगतात की उभ्या उभ्याच सांगतात, हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. शेवटी त्यानं दोघांनाच विचारलं. त्यांनाही ठाऊक नव्हतं.