पाय बघणाऱ्या शोभाताई

शोभाताईंनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. बडोद्याच्या कारेलीबागेत आमच्या सोसायटीमागच्या मैदानावर मी भावाबरोबर पकडापकडी खेळत होते. त्यांनी स्कूटर थांबवली, माझ्या पायांकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "उजवीकडे पळायचं असलं की तुझी डावी टाच आधी उठते. उद्यापासून कबड्डीला ये." नाव विचारायचं त्यांना दुसऱ्या दिवशी सुचलं.

शोभाताई एका मोठ्या कंपनीच्या महिला संघात चढाई करायच्या. नोकरीही खेळावरच लागलेली. दिवसा टायपिंग, संध्याकाळी मैदान. एका दमात कबड्डी-कबड्डी घोकत एकटीनं सात जणींच्या अंगणात शिरायचं, कुणाला तरी शिवून परत यायचं, हा त्यांचा पोटापाण्याचा उद्योग. तिघीतिघींनी कंबर धरली तरी त्या सगळ्यांना ओढत मध्यरेषेला हात लावत. बडोद्यात तसं मी पुन्हा काही पाहिलं नाही. त्यांचे पणजोबा संस्थानच्या फौजेत घोडेस्वार होते. "त्यांना घोडा होता, मला हेच दोन पाय," असं त्या ऐटीत सांगत.

"तोंड खोटं बोलतं, बेन. पाय नाय बोलत," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. ते मैदानाबाहेरही चाले. सागाच्या झाडांत पैसे गुंतवा सांगणारा एक टायवाला सोसायटीत आला होता. ताईंनी त्याला चहा दिला, टीपॉयखाली नजर टाकली आणि तो गेल्यावर म्हणाल्या, "बोलत होता आपल्याशी, पण पाय दाराकडे." ज्यांनी ऐकलं ते वाचले. बाकीचे पुढे कितीतरी दिवस त्या कंपनीचं ऑफिस शोधत होते.

नवं आर्थिक धोरण आलं तशा कंपन्या खेळाडूंची भरती बंद करू लागल्या. ताईंच्या कंपनीनं मुलींसाठी एकच, शेवटची जागा काढली. माझ्या वडिलांनी बजावलं होतं, ही नोकरी लागली तर खेळ, नाहीतर पुरे. निवडीसाठी आलेल्या आम्हा मुलींचा सामना कंपनीच्याच संघाविरुद्ध होता, म्हणजे ताईंविरुद्ध. त्यांचा उजवा गुडघा तोवर पार कामातून गेला होता. हा शेवटचा मोसम, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

पूर्वार्धात ताई माझ्या कोपऱ्यात आल्या. उजवा घोटा अगदी माझ्या हाताशी होता. पण मला त्याच्या वर पट्टा बांधलेला गुडघा दिसला आणि हात आखडला. त्या मला शिवून निघून गेल्या.

मध्यंतरात त्या लंगडत आमच्याकडे आल्या. इतकं चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"गुडघ्याकडे शुं काम बघत होतीस? घोटा बघायचा!"

"ताई, तुम्हाला लागलं असतं."

"गुडघा माझा आहे, त्याचं मी बघीन. तू मला सोडलंस, म्हणजे शोभा म्हातारी झाली असं गावाला सांगितलंस. माझा असा अपमान पुन्हा करू नकोस."

उत्तरार्धात त्या पुन्हा माझ्याच कोपऱ्यात आल्या, पुऱ्या दमात. दया त्यांनीही दाखवली नाही, याचा मला आजही अभिमान वाटतो. मी नजर खाली ठेवली. उजवी टाच उठली आणि मी दोन्ही हातांनी घोटा धरला. त्यांनी मला मातीतून फरफटत नेलं. बाकीच्या मुली धावल्या, पण त्या पोचायच्या आत, रेषेपासून वीतभर अलीकडे, ताईंचा दम तुटला.

पडल्या पडल्या त्यांनी मान वळवली. "एकटीनं?"

"हो, ताई."

"शाब्बास, गधेडी!" म्हणून पाठीत असा धपाटा घातला की मी कळवळले.

नोकरी मला लागली. त्या मोसमानंतर ताईंनी गुडघ्याचा पट्टा कायमचा काढून ठेवला.

त्या गेल्या, त्याच्या आदल्या आठवड्यात मी दवाखान्यात त्यांच्याजवळ बसले होते. नर्सनं माझ्याकडे बघून विचारलं, "आ तमारी दीकरी?"

ताईंना लेक नव्हती. हो म्हणाल्या असत्या तरी मी सुखावले असते. पण त्यांनी नाही अशी मान हलवली, माझ्याकडे बोट केलं आणि शेजारच्या खाटेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ना रे! आणे मने पकडेली. एकलीए!"