छपरातल्या काचा

नाना गेल्याचं मला शहापूरच्या बाजारात कळलं, तेही अर्धवट. "तुमचे फोटोवाले गेले, गुर्जी," एवढं बोलून सांगणाऱ्याने लगेच भाताचा विषय काढला. नानाच्या मरणाबद्दलही लोक हातचं राखूनच बोलत होते.

त्याला कारण होतं. माझा हा बालमित्र मुरबाडपासून कसाऱ्यापर्यंत पाड्यापाड्यांवर पायी हिंडे. लग्नं, नाच, रानातली वेठ यांचे फोटो मुंबईच्या एका साप्ताहिकाला पाठवी. हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यावर चित्रपट घेई आणि तो त्याच लोकांना चादरीवर दाखवी. पडद्यावर स्वतःला चालताना पाहून म्हाताऱ्या पदर सावरत. तरी फोटो काढला की आयुष्य घटतं, ही धास्ती पुरती कधी गेली नाही.

मग एका पाड्यावर सभा झाली. ठेकेदाराची वेठ करायची नाही, असं ठरलं. मी तिथे होतो, नाना फोटो काढत होता. थोड्याच दिवसांत पोलिसांनी नेमके पुढे होऊन बोललेले दोघे उचलले. नावं कुणी दिली? पाड्याबाहेर सगळ्यांची बोटं नानाकडे वळली. तेव्हा फोटो काचेवर उतरत. सभेच्या काचा कुठे आहेत, असं मीही न राहवून विचारलं. "फुटल्या," म्हणत त्याने चहा पुढे केला. सगळ्याच काचा एकदम कशा फुटतील? मैत्री टिकली, पण मनात पाल चुकचुकत राहिली...

परवा त्या पाड्यावर गेलो. उचललेल्या दोघांपैकी गोमा आता सुटून आलाय. त्याच्या चुलीपाशी भर दुपारचा उजेड पडला होता. वर पाहिलं तर कौलांमध्ये स्वच्छ काचा बसवलेल्या. गोमाने सांगितलं, त्याला नेलं त्याच दिवशी नानाने सभेच्या या काचा पाड्यातल्या सगळ्यांसमोर सोड्याच्या गरम पाण्यात धुऊन कोऱ्या केल्या, उरलेल्यांचे चेहरे तरी सापडू नयेत म्हणून. ऐकून मला माझ्या संशयाची लाज वाटली. पण रागही आला. मला का नाही सांगितलं?

गोमा चूल सारखी करत राहिला. मग म्हणाला, "तुमी सरकारी शालेचे मास्तर. सभेला तुमीबी व्हते. नाना म्हनला, मास्तरला काय सांगू नका."

मी कुणाचंच नाव दिलं नव्हतं. नानाने विचारलं असतं, तर शपथेवर सांगितलं असतं. त्याने विचारलंच नाही, नुसता चहा देत राहिला.