शेखर चहाला गेलाय

कुठलंही मशीन बंद करण्याआधी नेटवर्कवाले सर पडद्याशी वाकून बघत. "आत कुणी बसलंय का ते बघावं, मग दार लावावं," असं आम्हाला सांगत. आवाज इतका हळू, की पुढच्या बाकावर बसूनही कान द्यावा लागे.

अंबाजोगाईत तेव्हा गल्लोगल्ली संगणकाचे क्लास निघाले होते. बाकीचे टायपिंग शिकवत. सर, भांड्याच्या दुकानावरच्या खोलीत, लिनक्स शिकवत. त्यांच्याकडे दणकट संगणक एकच. त्याच्या पोटात त्यांनी चार आभासी मशीन्स, म्हणजे संगणकातलेच संगणक, उभी केली होती. प्रत्येकाला वेगळा पत्ता दिला होता आणि चौघांना जोडणारं एक खासगी जाळं विणलं होतं. आम्ही कोपऱ्यातल्या जुनाट संगणकांवरून त्यात शिरायचो. एका मशीननं हाक मारली की दुसरं उत्तर देई. खोलीबाहेर मात्र ते जाळं कुठंच जोडलेलं नव्हतं.

"सर, बाहेर का नाही जोडत?" मी एकदा विचारलं.

"बाहेर जोडलं की बाहेरची वेळ आत येते."

मला तेव्हा ते काही कळलं नाही.

एका दुपारी सरांनी कुठल्या मशीनवर कोण बसलंय ते विचारायला शिकवलं. तीन मशीन्सवर आमचीच नावं होती. चौथ्यावर होतं 'शेखर', पुढे एक तारीख, आणि चार मिनिटांपासून कळ दाबलेली नाही.

"सर, शेखर कोण?"

"माझा धाकटा भाऊ. चहाला गेलाय."

सरांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. ती नेहमीच रिकामी असे. तिथं ते कुणाला बसू देत नसत. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा विचारून पाहिलं. तीच तारीख, तीच चार मिनिटं. पुढच्या आठवड्यातही तेच.

खाली भांडीवाल्यांना विचारलं तर ते हातातला तांब्या पुसायचे थांबले. "शेखर? त्याला जाऊन दोन वर्सं झाली की, पोरी. चहाला म्हनून गेलता, केज रोडला ट्रकनं उडवलं."

त्या दिवशी वीज जायची वेळ झाली म्हणून सरांनी शेखरचं मशीन होतं तसंच झोपवून ठेवलं होतं. मग निरोप आला. तेव्हापासून सर ते रोज त्याच क्षणापासून उठवत, आणि मिनिट पुढे सरकायच्या आत पुन्हा तिथंच मागे नेत. आत अजून तीच दुपार होती.

ही गोष्ट फिरत फिरत सरांच्या गावी, युसूफ वडगावला, त्यांच्या आईच्या कानावर गेली. एसटीनं आल्या, जिना चढल्या, दारातच म्हणाल्या, "शेखर बसतो म्हणं हितं. कुठंय?"

सरांनी पडद्यावरच्या नावावर बोट ठेवलं. आई त्या रिकाम्या खुर्चीत, शेखरच्या कीबोर्डपुढे, बसल्या. सरांनी अडवलं नाही.

"काय लिवलंय?"

"चहाला गेलाय म्हणून."

"आन् तू त्याला रोज तितनंच माघारी आणतूस?"

सरांनी नावावरचं बोट काढून घेतलं.

"लई दमला आसंल रं तो. चालू दे आता त्येचं घड्याळ."

त्या दुपारी सरांनी मशीन मागे नेलं नाही. माझ्या पडद्यावरून ते पुन्हा पुन्हा शेखरची चौकशी करत राहिले. पाच मिनिटं झाली. दहा झाली. आम्ही मागे उभे होतो, कुणी हललं नाही. आकडा अर्ध्या तासाच्या पुढे गेला आणि एकदम शून्यावर आला.

शून्य म्हणजे शेखरच्या मशीनवर आत्ता, या क्षणी, कुणीतरी कळ दाबली.

"आई, हात लागला का?"

"न्हाई बा." त्यांचे दोन्ही हात पदराखाली होते.

सरांनी पडद्याशी वाकून पाहिलं. मग त्यांनी मशीन रीतसर बंद केलं. पुढे मी दोन वर्षं तिथं शिकले, पण ते त्यांनी पुन्हा कधी उठवलं नाही.

आई उठल्या. "चल घरी," म्हणाल्या. सरांकडे बघून नाही. जिन्याकडे निघाल्या, तेव्हा सरांनी पुढे होऊन दार धरलं. आई बाहेर पडल्यावरही ते तसंच धरून उभे राहिले, आणखी एक माणूस जाईल इतका वेळ.