मोकळ्या हवेतली बदली

मामा लिफ्ट चालवत. बटण दाबून पळणारी ती लिफ्ट नव्हती. जुनी, जाळीच्या दाराची. पितळी दांडा धरून बसावं लागे आणि मजला आला की तो बेताने सोडावा लागे. त्या सरकारी इमारतीत शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांचे ते मामा. त्यांना भाचा नव्हता, भाची नव्हती, पण मामापण मात्र दिवसभर चाले.

लिफ्टवाल्याचा एक धर्म असतो, असं ते म्हणत. कान उघडे, तोंड बंद. त्या डब्यात माणसं काय काय बोलून जात. कुणाची बढती अडली, कुणाच्या मुलीचं लग्न मोडलं, कोण कुणावर खार खाऊन आहे. मामा जाळीकडे तोंड करून बसलेले असत. 'कितवा?' एवढा एक शब्द आपला, बाकी सगळे लोकांचे. अख्खी नोकरी त्यांनी त्या एका शब्दावर काढली होती आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

मग साथ आली. त्या इमारतीतून रोज नवा नियम निघू लागला, कारण शहराचे नियम वरच्याच मजल्यावर ठरत. ते लिफ्टमध्येही उतरले. आधी फक्त दोघांनी बसायचं ठरलं. मग चौघं चालतील म्हणाले, पण तोंडं कोपऱ्याकडे करून. त्यासाठी जमिनीवर पिवळ्या पावलांच्या चार जोड्या चिकटवल्या. पाचव्या माणसासाठी पावलं नव्हती. मामांचं स्टूल कुणाच्या हिशेबातच आलं नव्हतं. आतला पंखा कित्येक महिने बंद होता. तो दुरुस्त करा असं मामांनी दोनदा सांगून पाठवलं, तर कुणीतरी येऊन पंख्याखाली 'सुरक्षित अंतर ठेवा' अशी पाटी लावून गेलं.

हे सगळं मामांनी हसण्यावारी नेलं असतं, पण घरी मामी होत्या.

मामींना किडनी बसवलेली होती. त्यांच्या थोरल्या भावाची. ती अंगात टिकावी म्हणून रोज गोळ्या घ्याव्या लागत आणि त्याच गोळ्यांनी आजाराशी लढायची ताकद काढून घेतलेली. साधा खोकला झाला तरी दवाखाना. साथ सुरू झाली तेव्हा डॉक्टरांनी फोनवर एवढंच सांगितलं, की यांना हे झालं तर आमच्या हातात फारसं काही राहणार नाही.

भाऊ गावाबाहेर एकटा राहायचा. तो रोज फोन करी. "दाजी, माझी वस्तू आहे तिच्यात," तो म्हणे. "तुम्ही दिवसभर त्या डब्यात लोकांचे श्वास गोळा करता आणि रात्री घरी आणता. मी गाडी घेऊन येतो, तिला इकडे ठेवतो." तो थट्टेत बोले, पण थट्टा नसे ती.

मामी नाही म्हणत. साथ कधी संपेल कुणी सांगत नव्हतं. स्वतःचं घर सोडून भावाकडे किती दिवस पाहुणी म्हणून राहायचं? आणि मामांना एकटं टाकून? त्यांनी घरातच दोन घरं केली होती. मामा दारातून थेट मोरीत जात, बाहेरच्या खोलीत जेवत, तिथेच झोपत. मामी आतल्या खोलीत. बोलायचं ते मोठ्यानं. "आपला संसार शेजाऱ्यांना पाठ झालाय," मामी आतून म्हणत. "काल तुम्ही भाजीला नावं ठेवलीत, तर पलीकडची बाई हसली."

शेवटी एवढं ठरलं. लिफ्टमध्ये सगळे नीट मास्क लावत असतील तर मामी इथेच राहतील. नाहीतर भाऊ येऊन घेऊन जाईल. मामी स्पष्टच म्हणाल्या, "खोटं सांगू नका हं. मला तुमच्या आवाजावरून कळतं."

लिफ्टमध्ये बहुतेक लोक मास्क लावत. न लावणारा एकच होता, आणि ते मोठे साहेब होते.

साहेब वाईट नव्हते, हीच अडचण होती. ते रोज संध्याकाळी टीव्हीवर येत आणि हात जोडून लोकांना सांगत, की मास्क हीच ढाल आहे. मामी आतल्या खोलीत ते बघत आणि म्हणत, चांगला वाटतो हो माणूस. सकाळी तेच साहेब लिफ्टमध्ये शिरत, जाळी लागली की मास्क हनुवटीखाली ओढत आणि लांब श्वास सोडत. सगळ्या इमारतीत कॅमेरा नसलेली ती एकच जागा. "इथे तरी जरा जगू द्या, मामा," असं म्हणत. मग फोनवर बोलत. मोठ्यानं. मामा श्वास रोखून धरत. सहा मजले फार असतात.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच, असं मामांच्या मनात येई. पण मनातच. साहेबांना कसं सांगायचं? वर सांगावं तर त्यांच्या वर कोणी नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि या वेळी तोंड खरोखरच दाबलेलं.

मामांनी हे घरी सांगितलं, तेव्हा मामींनी आधी बोलून तर पाहा म्हणून वाक्य तयार करून दिलं. 'साहेब, घरी आजारी माणूस आहे, तेवढा मास्क वर घ्याल का?' मामांनी ते मोरीत म्हणून पाहिलं, जिन्यात म्हणून पाहिलं. छान जमलं.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये साहेब एकटेच होते. जाळी लागली, मास्क खाली आला. मामा इतक्या वर्षांत पहिल्यांदा मागे वळले.

"साहेब, एक बोलू?"

साहेबांनी फोन खिशात ठेवला. ते जरा चकितच झाले असावेत.

"घरी बायकोला किडनी बसवलीय. तिला फार जपावं लागतं. आणि इथे ही बंद जागा. दिवसभर माणसं. हवा नाही. मला भीती वाटते, साहेब."

ते एवढंच बोलले. मास्क हा शब्द जिभेवर आला आणि तिथेच बसला. मोठ्या माणसाला 'तुमचं चुकतंय' असं सांगायची त्या जिभेला सवयच नव्हती. ती आडवाटेनं गेली. आपण सगळं सांगितलं असं मात्र मामांना वाटलं. साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "अहो, आधी नाही का सांगायचं? मी बघतो," ते म्हणाले. मास्क हनुवटीखालीच होता.

घरी मामींनी आतून विचारलं, बोललात का? मामा म्हणाले, बोललो.

"मास्क वर घ्या म्हणालात?"

"तसंच काहीसं."

"तसंच काहीसं म्हणजे काय?"

"त्यांना कळलं गं. खांद्यावर हात ठेवला त्यांनी."

खांद्यावर हात ठेवला हे मामींना आवडलं नसावं.

त्या इमारतीत पंखा दुरुस्त व्हायला महिने लागत, पण हे काम एका दिवसात झालं. घरच्या आजारपणाचा सहानुभूतीने विचार करून मामांना बंद लिफ्टमधून काढून मोकळ्या हवेत नेमण्यात आलं होतं. मोकळी हवा म्हणजे मुख्य दार. तिथला पहारेकरी लिफ्टमध्ये गेला. जाताना त्यानं मामांचे हात धरले. "फार उपकार झाले, मामा. त्या दारात मी रोज मरत होतो."

का ते मामांना तासाभरात कळलं. दाराशी ताप मोजायचं यंत्र कपाळावर धरायचं आणि माणूस आत सोडायचा. बाहेर रस्त्यापर्यंत रांग. दुकान बंद करा म्हणून काल सांगितलं, उघडा म्हणून आज, आणि रस्त्याच्या कोणत्या बाजूचं उघडायचं हे विचारायला आलेली माणसं. यंत्र सगळ्यांनाच थंडगार ठरवत होतं. आवाज नीट पोचावा म्हणून लोक मास्क खाली ओढत आणि मामांच्या तोंडाशी येऊन बोलत. एक सलूनवाला तावातावानं म्हणाला, "तुम्हा सरकारी लोकांचं बरं आहे. पगार घरपोच. आमचं खुर्चीवर माणूस बसला तर पोट." त्याचं खोटं नव्हतं. शिकवणीच्या वर्गाची एक बाई रडत होती. मामांनी तिला पाणी दिलं आणि मग त्यांना आठवलं, की ती फार जवळ उभी आहे.

दुपारी ते मोठ्या कारकुनाकडे गेले. मला माझी लिफ्ट परत द्या म्हणाले. कारकुनानं चष्मा वर केला. लोक बदलीसाठी जोडे झिजवतात, साहेबांनी तुमच्यासाठी स्वतः फोन केला, आता नको म्हणालात तर त्यांना काय वाटेल, असं त्यानं समजावून सांगितलं. तोही वाईट नव्हता. त्यानं चहासुद्धा विचारला.

त्या रात्री मामांना विषय काढावा लागला नाही. अंघोळ करून ते बाहेरच्या खोलीत बसले, तेव्हा आतून प्रश्न आला, लिफ्टमध्ये आज काय झालं? ते म्हणाले, लिफ्टमधून काढलं मला. मोकळ्या हवेत घातलंय. मामी हसल्या. मग विचारलं, मोकळ्या हवेत कुठे? मामांनी दार सांगितलं. रांग सांगितली.

मग मामी फोनवर बोलताना ऐकू आल्या. "दादा," त्या म्हणत होत्या, "उद्या ये."

भाऊ सकाळीच आला. आज त्यानं टोमणा मारला नाही. तो मारला असता तर मामांना बरं वाटलं असतं. त्यानं पिशव्या उचलल्या आणि दाजी, काळजी करू नका, एवढं म्हणाला. मामी निघेपर्यंत मामा बाहेर व्हरांड्याच्या टोकाला उभे होते, कारण दारातून एका वेळी एकानेच जायची त्यांनी सवय लावून घेतली होती. गोळ्या घेतल्यास का, त्यांनी विचारलं. मामी म्हणाल्या, घेतल्या. भाजी फ्रिजमध्ये आहे, नावं न ठेवता खा.

मग मामा कामावर गेले.

काही वेळानं साहेबांची गाडी आली. दारात लोक होते म्हणून साहेबांचा मास्क नाकापर्यंत नीट होता. ते अंतर राखून थांबले.

"काय मामा, मोकळी हवा मानवली का?"

"मानवली, साहेब."

"आणि घरी?"

मामांनी क्षणभर विचार केला. "घरी आता भीती नाही, साहेब," ते म्हणाले.

साहेबांचे डोळे हसले. वेळेवर सांगितलंत म्हणून झालं बघा, असं म्हणून ते लिफ्टकडे गेले. रांगेतला एक जण ओरडला, त्यांचा ताप नाही का मोजायचा? मामांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि यंत्र पुढच्या कपाळावर धरलं.